कपाटाच्या काचेतला चेहरा

१. जे पत्र कोणी लिहिलं नाही

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंना त्यांचंच पत्र आलं.

यात तसं नवल नव्हतं. जनावरांच्या डॉक्टर म्हणून उभी हयात घालवलेल्या या बाई 'मुके पेशंट' नावाचं न्यूजलेटर लिहीत. वर्गणी भरणाऱ्या वाचकांना दर सोमवारी ईमेलनं एक पत्र जाई. नीट पोचलं की नाही ते कळावं म्हणून एक प्रत त्यांच्याही पत्त्यावर येई. नवल एवढंच, की हे पत्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

'तो केवळ एक कुत्रा नव्हता, तर एका संपूर्ण आयुष्याचा मूक साक्षीदार होता. त्या दिवशी मी माझ्या हेडमास्तरला निरोप दिला...'

हेडमास्तर हा बाईंचा स्वतःचा कुत्रा. पांढरी दाढी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं गृहपाठ केलेला नाही अशा नजरेनं त्याच्याकडे बघायची सवय, म्हणून हे नाव. दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा बाईंनी आपल्याच दवाखान्यात, आपल्याच हातानं त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. सोमवार येत, तसेच जात. वाचक काळजीनं विचारत. बाई उत्तर देत नसत.

आणि आता हे.

त्यांनी दवाखान्यातूनच दिराला फोन लावला.

"भाऊजी, माझ्या घरात चोर शिरलाय."

"अरे बापरे. काय काय गेलं?"

"काही गेलं नाही," बाई म्हणाल्या. "ठेवून गेलाय."

२. पत्राखाली वाचकांनी काय लिहिलं

'बाई, आजवरचं सगळ्यात सुंदर पत्र!'

'बसमध्ये वाचलं. शेजारच्या माणसानं रुमाल दिला.'

'त्याच्या डोक्याचं ओझं कोपरात आलं, तिथं थांबले. पुढचं उद्या वाचेन.'

'काचेत स्वतःचा चेहरा दिसला, हे वाक्य किती साधं आहे. आमच्या मनीच्या वेळी मी खिडकीत असाच दिसलो होतो.'

'परत आलात! आता कुठं जाऊ नका.'

'माफ करा, पण हे बाईंनी लिहिलेलं नाही. त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता होती म्हणे! बाई कधी जनावराच्या मनात शिरत नाहीत. मी पहिल्या पत्रापासून वाचतोय.'

३. भाऊजी

भाऊजींची सारी नोकरी विमा कंपनीत झाली. जळालेल्या दुकानांत जाऊन, आग लागली की लावली, ते बघायचं. जळालेल्या मालाकडे ते ढुंकून बघत नसत. आगीत न जळालेली वस्तू कोणती आणि ती का जळली नाही, एवढंच विचारत. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात वापरून त्यांनी बायकोला पुरतं हैराण केलं होतं.

ते दवाखान्यात शिरले तेव्हा टेबलावर एक बोका होता आणि बाई त्याच्या कानात बघत होत्या. त्यांनी मान वर न करता उजवा हात पसरला. हातावर चिमटा आला. पुन्हा पसरला, कापूस आला. कोणी काही मागत नव्हतं, कोणी काही बोलत नव्हतं. चिमटा आणि कापूस देणारे गृहस्थ टेबलापलीकडे उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, मिशांना पीळ, अत्तराचा घमघमाट. हे दवाखान्याचे कंपाउंडर, सगळ्यांचे वस्ताद.

"ट्रे आधीच लावून ठेवतो मी," वस्तादांनी भाऊजींना न विचारता सांगितलं. "मॅडमना मागायला लागलं तर मी कशाला आहे?"

बोका गेला. वस्ताद आतल्या खोलीत गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "कापूस! मोठी बंडलं! मागच्या वेळचा भिकार होता, पूर्णविराम!"

भाऊजी दचकले.

"औषधवाल्याला निरोप चाललाय," बाई म्हणाल्या. "फोनला सांगतो आणि फोन लिहितो. टाइप करणं त्याला कमीपणाचं वाटतं. आवाजानं मांजरं खुर्चीखाली जातात." मग त्या स्टुलावर बसल्या. "भाऊजी, लोक माझं ऐकायला पैसे भरतात. माझ्या नावानं दुसरंच काहीतरी त्यांच्या घरात गेलंय. येत्या सोमवारी मी खरं काय ते सांगून हे बंद करणार आहे. निरोपाचं पत्र मनात तयार आहे."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. हेडमास्तरचं सगळं घरातल्यांनाच माहीत होतं. म्हणजे हे आपल्यातल्याच कोणीतरी केलंय. आता मी जेवायला बसले की समोरच्याकडे बघते आणि मनात येतं, तू का रे?" त्या हातातला कापूस उगाच पिंजत राहिल्या. "आणि दुसरं सांगू? वाचकांना ते जास्त आवडलं. यंत्राची बाई माझ्यापेक्षा बरी लिहिते."

"यंत्र? कोण म्हणालं?"

"जावईबापू."

भाऊजींनी भुवया उंचावल्या. वहिनी जावयाला 'बापू' लावत, तेव्हा त्याची धडगत नसे.

४. जावई

जावई शाळेत कॉम्प्युटर शिकवी. सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं खुर्ची पुढं केली ती आरोपीसारखीच.

"यंत्राकडून लिहून घ्या असं तुम्हीच वहिनींना सुचवलं होतंत ना?"

"एकदा. त्यावर म्हणाल्या, जावईबापू, उद्या यंत्राकडून जेवूनही घेईन. तेव्हापासून तोंडाला कुलूप."

"मग हे एआयचं आहे ते कसं ओळखलंत?"

"काका, 'तो केवळ अमुक नव्हता, तर तमुक होता.' मुलांच्या निबंधांत मी हे वाक्य रोज वाचतो. पाऊस केवळ पाऊस नसतो, आई केवळ आई नसते. मी करायचं ठरवलं असतं तर असं कच्चं केलं नसतं. आईंची जुनी पत्रं आधी वाचायला दिली असती. इथं कोणीतरी पहिल्या फटक्यात जे आलं ते जसंच्या तसं चिकटवलंय."

"आणि पाठवलं कोणी?"

 जावयाचे कान लाल झाले.

"कोणीच नाही," तो म्हणाला. "म्हणजे मीच. म्हणजे मी नाही."

"एक काहीतरी ठरवा."

"आईंना पाठवायचं बटण दाबायची आठवण राहत नसे. म्हणून मी तजवीज करून ठेवली होती. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर 'पत्रं' नावाचा कप्पा आहे. त्यात न गेलेलं पत्र असलं की सोमवारी सकाळी ते आपलं आपण जातं. आईंना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं असेल असं नाही."

"दुसरं कोणाला माहीत?"

"कोणालाच नाही."

"आणि तो कॉम्प्युटर उघडता कोणाला येतो?"

"काका, पासवर्ड स्क्रीनलाच चिकटवलाय. बोकासुद्धा उघडेल."

उठताना भाऊजींनी विचारलं, "हेडमास्तरशी तुमचं कसं होतं?"

"आयुष्यात एकदाच चावला मला," जावई म्हणाला. "पण दिवस लग्नाचा निवडला." आणि का कोण जाणे, त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

५. लेक

लेक ग्रंथपाल. पुस्तकांची गाडी ढकलत ती कपाटांमधून चालली होती आणि भाऊजी मागोमाग. बोलणं सगळं कुजबुजत.

"मीच असणार असं आईला वाटतंय ना?"

"तसं त्या बोलल्या नाहीत."

"बोलणारच नाही. काल मला वाढताना चमचा आपटला." तिनं एक पुस्तक खुपसलं. "काका, मी खरंच बसले होते लिहायला. तिच्या नावानं. वाचक निघून जातील आणि आई अजूनच मिटून जाईल, या भीतीनं. दोन ओळी लिहिल्या, रडले, पुसून टाकल्या. मला काय लिहिता येणार? मी त्या दिवशी आतसुद्धा गेले नाही."

"मग कुठं होतीस?"

"आम्ही दोघं गाडीत, दवाखान्याच्या अगदी समोर. तो माझा हात धरून बसला होता आणि मी दाराकडे टक लावून. आई कधी येते, कधी येते. पायरीवर चिटपाखरू नव्हतं. कुंड्या आणि झारी. मग आई बाहेर आली. हातात नुसता पट्टा." तिनं डोळे पुसले. "तो बघा, पलीकडचा म्हातारा आपल्याला दटावतोय. गप्प बसा."

६. वस्ताद

"मला विचारताय? मी काय लिहिणारा माणूस वाटतो तुम्हाला?"

"तसं नाही, वस्ताद. सगळ्यांनाच विचारतोय."

"हां, मग विचारा. पण हा ट्रे पुसता पुसता सांगतो."

"हेडमास्तर गेला तेव्हा तुम्ही..."

"आत नव्हतो. अख्ख्या वस्तीला माहीत आहे, असल्या इंजेक्शनाच्या वेळी मी आत थांबत नाही. फोन येतो मला."

"त्या दिवशीही फोन आला?"

"त्या दिवशी नाही. पायरीवर कुंड्यांना पाणी घालत होतो."

"सगळं होईपर्यंत?"

"कुंड्या बऱ्याच आहेत," वस्ताद म्हणाले आणि आधीच लखलखणारा ट्रे पुन्हा पुसायला घेतला.

७. तीन हातांची बाई

त्या दुपारी भाऊजींनी पत्राचा कागद वहिनींपुढं ठेवला. बरीचशी वाक्यं त्यांनी पेन्सिलीनं खोडली होती. मूक साक्षीदार गेला होता. कृतज्ञता गेली होती. 'निरोप हा शेवट नसून नवी सुरुवात असते' हे तर इतक्या जोरात खोडलं होतं, की कागद फाटला होता.

"हा जळालेला माल," ते म्हणाले. "हा कोणत्याही कुत्र्याला चालला असता. पण आग तीन वाक्यांना लागलेली नाही. बघा."

'स्टेथोस्कोप मी आधी तळहातावर चोळून गरम केला.'

'त्याच्या डोक्याचं ओझं माझ्या कोपरात आलं.'

'समोरच्या कपाटाच्या काचेत मला माझाच चेहरा दिसला.'

"ही यंत्राला सुचायची नाहीत, कुणीतरी पुरवलेली आहेत. आता मला सांगा, इंजेक्शन देताना तुमचा उजवा हात?"

"सिरिंजवर."

"डावा?"

"त्याच्या पायावर. शीर दाबून धरायला लागते."

"मग डोकं कोणत्या कोपरात? पत्रातल्या बाईंना हात तीन आहेत, वहिनी."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"आणि औषधांचं कपाट," भाऊजी म्हणाले, "तुम्ही टेबलाशी उभ्या राहता तेव्हा कुठं असतं?"

"माझ्या पाठीमागं," बाई सावकाश म्हणाल्या. "कायम पाठीमागं. माझ्यासमोर नुसती भिंत."

"म्हणजे यात माणसं दोन आहेत. तुम्हाला स्टेथोस्कोप गरम करताना कुणीतरी पाहिलं. त्यानं तुमचंही सांगितलं, स्वतःचंही सांगितलं, आणि वर यंत्राला म्हणाला, बाई लिहितायत असं लिही. यंत्रानं दोघांची मिळून एक बाई केली."



"वहिनी, जनावर कोण धरतं?"

"वस्ताद. पण या कामाला तो थांबत नाही. मग ज्याचं जनावर, तो मालक धरतो."

"या वेळी मालक तुम्हीच होतात. मग हेडमास्तरला कोणी धरलं होतं?"

 बाईंनी टेबलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "भाऊजी, मला खरंच माहीत नाही. मी शीर बघत होते."

८. घोंगडी

भाऊजींनी एक घोंगडी गुंडाळून टेबलावर आडवी ठेवली आणि हाक मारली, "वस्ताद, जरा हेडमास्तरला धरा."

वस्ताद दारातच थबकले. "ही काय थट्टा?"

"थट्टा नाही. कसं धरतात ते बघायचंय मला."

वस्तादांनी मॅडमकडे पाहिलं. बाई आपल्या जागी, कपाटाकडे पाठ करून उभ्या होत्या. नाइलाजानं ते पलीकडे आले, घोंगडीवर वाकले आणि तिचं एक टोक त्यांनी कोपरात घेतलं. हलक्या हातानं, सवयीनं.

"आता समोर बघा. काय दिसतं?"

वस्तादांनी मान वर केली. बाईंच्या खांद्यावरून पलीकडे कपाटाची काच होती. काचेत पिळदार मिशांचा एक माणूस घोंगडी कवटाळून उभा होता.



"पायरीवर तुम्ही नव्हतात," भाऊजी समजुतीनं म्हणाले. "लेक समोरच्या गाडीतून दाराकडेच बघत होती. तिला झारी दिसली. झारी धरणारा दिसला नाही. आणि तुम्ही लिहिणारे नसालही, पण टाइप न करता, फोनला सांगून लिहून घेणारा माणूस या दवाखान्यात एकच आहे."

"वस्ताद?" बाई म्हणाल्या.

"दारापर्यंत गेलो होतो मी," वस्ताद घोंगडीकडे बघत म्हणाले. "मग म्हटलं, धरणार कोण? फिरलो. तुम्ही मान वर केली नाहीत. बरंच झालं, माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मी थांबलो म्हणून बक्षीस द्या?" त्यांनी घोंगडी अजून सोडली नव्हती. "तुम्ही लिहीना झालात. कॉम्प्युटरसमोर बसायचात आणि उठायचात, मी आतून बघत होतो. म्हटलं, आपण ट्रे लावून ठेवू. सिरिंज भरून ठेवली की मॅडमचा हात आपोआप चालतो. तसं पत्र भरून ठेवावं. तुम्ही वाचाल, भडकाल, हे काय भिकार म्हणाल, आणि खोडून स्वतःचं लिहाल. म्हणून फोनला सगळं सांगितलं, फोननं ते एआयला दिलं, जे आलं ते तुमच्या पत्रांत ठेवलं. तुम्ही बघाल म्हणून. ते सोमवारी उठून स्वतःच चालायला लागेल, हे मला काय माहीत!"

"मग सोमवारीच बोलायचंस."

"सोमवारी तुम्ही फोनवर 'चोर' म्हणालात, मॅडम." वस्तादांच्या मिशा थरथरल्या. "इतक्या वर्षांत मला तुम्ही गाढव म्हणालात, बैल म्हणालात. चोर नाही."

बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्या बाजूला त्या इतक्या वर्षांत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी काचेत पाहिलं. दोन चेहरे होते.

"गाढवा," त्या म्हणाल्या.

वस्तादांनी नाक ओढलं. "हां. हे बरं."

भाऊजींना तेवढ्यात वाचकांचे शेरे आठवले. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. "आणि वहिनी, यंत्राची बाई तुमच्यापेक्षा बरी लिहिते म्हणालात ना? लोक कुठं रडलेत बघा. एक कोपरावर थांबली, एक काचेवर. मूक साक्षीदारासाठी कोणीही रुमाल काढलेला नाही."

बाईंनी शेरे वाचले. मग हात पसरला, नेहमीसारखा, न बघता.

"फोन दे. तू काय सांगितलं होतंस ते मला ऐकायचंय. यंत्रानं रंगवायच्या आधीचं."

९. सोमवार

'वाचकहो, मागच्या सोमवारचं पत्र मी लिहिलेलं नव्हतं. ते एआयनं लिहिलं आणि चुकून तुमच्याकडे गेलं. त्याबद्दल माफी मागते. पण त्यातली तुम्हाला आवडलेली वाक्यं एआयची नाहीत, माझीही नाहीत. ती ज्याची आहेत, त्याचं म्हणणं खाली त्याच्याच शब्दांत देते.

त्याआधी माझं एक वाक्य. त्या दिवशी मी वर पाहिलं नाही.

आता वस्ताद:

*मी बाहेर जाणार होतो, पण गेलो नाही. मॅडमनी स्टेथोस्कोप चोळून गरम केला, म्हणजे त्याला गार लागू नये. आता काय फरक पडणार होता, तरी केला. मी डोकं धरलं. हेडमास्तर म्हातारा झाला होता, अंगानं लठ्ठ झाला होता, त्याचं डोकं माझ्या कोपरात आलं आणि हाताला मुंग्या आल्या. मी हात हलवला नाही. समोर काचेत मी दिसत होतो. मॅडमनी शीर शोधली, सोडली, पुन्हा शोधली. मग त्यांनी टोचलं. पूर्णविराम.*'

पाठवायच्या आधी बाईंनी ते वस्तादांना वाचून दाखवलं. भाऊजी, लेक आणि जावई बाकावर ओळीनं बसून ऐकत होते. जावयाला त्या आठवड्यात पहिल्यांदा 'बापू' न लावता बसायला सांगितलं गेलं होतं, आणि तो त्याच्या आनंदात होता.

वस्ताद मिशीवरून हात फिरवत राहिले.

"चांगलं झालंय. फक्त ते 'लठ्ठ' काढा, मॅडम."

"का? तुझाच शब्द आहे."

"त्याला आवडला नसता."

"वस्ताद, कुत्र्याला काय आवडलं असतं, ते आपण लिहीत नाही. हा माझा पहिला नियम आहे."

"लिहू नका," वस्ताद म्हणाले. "पण काढा."

बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. मग त्या मागं झुकल्या आणि चष्म्यावरून बाकावरच्या सगळ्यांकडे, कोणीच गृहपाठ केलेला नसावा तशा, एकेक करून बघत गेल्या. कोणी हसलं नाही. सगळ्यांना ती नजर ओळखीची होती.

त्यांनी तो शब्द काढला आणि बटण स्वतः दाबलं.